भुजंगकाकांचं परवा

माझी आणि भुजंगकाकांची पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या उशीचा वास घेत होते. उशीवर माझं डोकं होतं.

हे माझ्या लग्नाच्या दिवशी सकाळचं. आमचं वऱ्हाड साताऱ्याहून हैदराबादला आलं होतं आणि मुलीकडच्यांनी हिमायतनगरमधल्या एका लॉजमध्ये जानवसा दिला होता. प्रवासानं मी मेल्यासारखा पडलो होतो. डोळे उघडले तर माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर दुसरं एक नाक, लांब, धारदार, आणि जोरजोरात श्वास ओढणारं. मी ओरडलो. मला बघून आई ओरडली. न्हाणीघरातून मामा टॉवेल गुंडाळून "धरा, धरा" करत आले, आणि टॉवेलच धरायची वेळ आली. नाकाचे मालक मात्र शांतपणे सरळ उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"झोपा, जावईबापू, झोपा. तुमची उशी बराबर आहे. चार नंबरची कुबट होती, ती बदलायला लावली."

आणि पुढच्या खोलीत माझ्या आत्याच्या उशीकडे निघून गेले.

हे माझ्या सासऱ्यांचे शेजारी. चिक्कडपल्लीच्या एका गल्लीतल्या तीन मजली इमारतीत तळमजल्यावर भुजंगकाका आणि शांताकाकू राहतात. मूलबाळ नाही, दोघंच. घराणं मूळचं नांदेडकडचं, शेतीवाडीचं. आजोबांच्या काळात इकडं आलेलं. काकांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले. धरणं दुसऱ्यांनी बांधली, नाव तिसऱ्यांचं झालं, पण त्यातला प्रत्येक थेंब आधी आपल्या कागदावरून वाहिला, असं ते सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच विद्या जोपासली. स्वस्तातली राहायची जागा शोधण्याची. चिक्कडपल्लीतला, विद्यानगरमधला कुठलाही मराठी माणूस सुट्टीला निघाला की आधी भुजंगकाकांच्या ओसरीवर येतो. कोकण म्हणा, उटी म्हणा, काका एक वही उघडतात आणि त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणतात: "खोली सस्ती बी पायजे, सुकी बी पायजे, अन् मालक बी माणूस पायजे."

सस्ती म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. सुकी म्हणजे भिंतीला तळवा लावून दहापर्यंत मोजायचं, तळवा गार पडला तर पायऱ्या उतरायच्या. उशीचा वास त्यातलाच. आणि मालक माणूस आहे की नाही, याची परीक्षा त्यांनी फार सोपी करून ठेवलीय. आपण आत गेल्यावर त्यानं आधी ओळखपत्र मागितलं तर तो मालक. आधी "जेवलात का?" विचारलं तर माणूस.

मी एकदा त्यांना मोबाइलवर लॉजचे फोटो दाखवायला गेलो. त्यांनी फोन हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि परत दिला.

"फोटोला वास येतो का, जावईबापू?"

"नाही."

"मग काय बघायलाव?"

मोबाइलवर काका फक्त बोलतात. रोज सकाळी अकरा ते साडेबारा ते देशभरच्या लॉजांना फोन करतात. "मी हैदराबादेहून भुजंगराव बोलतोय. खोली नको. तुमची पूर्वेची खिडकी उघडती का तेवढं सांगा." काही मालक फोन आपटतात. काही सांगतात. गोकर्णच्या एका मालकानं तर त्यांना मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली होती. खोली न घेता पत्रिका मिळवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि एवढं सगळं करून काका स्वतः कुठंही जात नाहीत. माझ्या लग्नाची सकाळ सोडली, तर इमारतीच्या कोपऱ्यावरच्या दुधाच्या दुकानापलीकडे गेलेलं मी त्यांना पाहिलेलं नाही. तरी त्यांच्या दाराशी एक निळी बॅग कायम भरून ठेवलेली असते. विचारलं तर म्हणतात, "तय्यार असावं माणसानं."

या माणसाची एकच गोष्ट मला खटकायची. ते शांताकाकूंना बोलू द्यायचे नाहीत. काकू ओसरीवर त्यांच्या शेजारीच बसलेल्या असायच्या, गोऱ्या, नीटनेटक्या, मोगऱ्याचा गजरा घातलेल्या. आपण म्हणावं, "काय काकू, कशा आहात?" की काका म्हणणार, "ती मस्त आहे. गुडघे जरा परेशान करायलेत." आपण म्हणावं, "काकू, आज काय भाजी?" काका म्हणणार, "गोंगुरा. तिला आवडतो." काकू नुसत्या हसायच्या. इमारतीतल्या बायका काकांना 'काकूंचे वकील' म्हणायच्या.

माझी बायको नंदा याच इमारतीत लहानाची मोठी झाली. ती चिडायची. "काकू आधी किती बोलायच्या माहितीये? वरून आम्ही पोरी नुसत्या त्यांच्या गप्पा ऐकायला खाली यायचो. रिटायर झाल्यापासून काकांनी त्यांचं बोलणं पण ताब्यात घेतलंय."

मीही मान डोलवायचो. बायकोला न बोलू देणाऱ्या नवऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे. बहुधा आमच्या घरी हा प्रश्नच येत नसल्यामुळे.

पुण्याहून हैदराबादला माझी बदली झाली आणि आम्ही याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. चारच महिने झाले होते. लग्नाला पाच वर्षं होत होती. पाच वर्षांत प्रत्येक सहलीचं आरक्षण नंदानं केलं होतं, कारण मी केलेल्या एकमेव आरक्षणात आम्ही महाबळेश्वरऐवजी महाबलिपुरमला पोचता पोचता राहिलो होतो. तेव्हा या खेपेला मी ठरवलं: अंदमान. सगळं आपण करायचं. नंदाला विमानात बसेपर्यंत काही सांगायचं नाही.

विमानाची तिकिटं कशीबशी जमली. राहण्याच्या जागांचे भाव पाहिले आणि मी फोन उलटा ठेवला. समुद्र दिसणाऱ्या खोलीच्या भाड्यात समुद्रच घरी आणता आला असता. मग नंदा ऑफिसला गेल्यावर मी हळूच खाली उतरलो.

"अंदमान," मी म्हणालो.

काकांनी वही उघडली नाही. पहिल्यांदाच. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू रस्त्याकडे बघत होत्या.

"अंदमान!" काका म्हणाले. "मग लक्ष्मी निवास. दुसरं काही बघूच नका. अप्पाराव म्हणून मालक आहेत, श्रीकाकुळमकडचे. परवाच राहून आलो."

"तुम्ही? कधी?"

"हौ ना. परवाच. सस्ती, सुकी, अन् अप्पाराव तर बोटीवरून उतरल्या उतरल्या विचारतात, जेवलात का म्हणून."

मी म्हटलं, परवा म्हणजे महिना-दोन महिने झाले असतील, मी तेव्हा दौऱ्यावर असेन. फोन नंबर मागितला तर म्हणाले, "फोन लागत नाही. मी रोज करतो, लागत नाही. समुद्रातून वायर जाती ना, खराबी असंल." मग त्यांनी कपाटातून जाड कागद काढला, पट्टी काढली, आणि तासाभरात मला नकाशा काढून दिला. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, 'एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास पावलं', रॉकेलचा डेपो, लाकडाची वखार, हिरवं फाटक, सगळं जिथल्या तिथं. इतका देखणा नकाशा मी पाहिला नव्हता. वर टपोऱ्या अक्षरात 'पोर्ट ब्लेअर' लिहिलं होतं. त्या गावाचं नाव बदललंय हे मला माहीत होतं. माहीत असूनही मला शंका आली नाही. माझं असंच असतं.

निघताना काकांनी मला फाटकापर्यंत सोडलं आणि आवाज खाली आणला.

"जावईबापू, एक काम करा. सात नंबरची खोली मागा. खिडकीतून नारळाची दोन झाडं दिसतात. आहेत का बघून या. अन् आल्यावर कुणाला बोलू नका. मला सांगा."

"एवढंच?"

"एवढंच लय आहे."

तर मी आणि नंदा विमानातून उतरलो. नंदाला धक्का बसला होता, ती खूश होती, माझ्याकडे पाच वर्षांत प्रथमच आदरानं पाहत होती. तो आदर रिक्षातून उतरेपर्यंत टिकला.

हवा अशी दमट, की शर्ट अंगाला चिकटला म्हणावं की अंग शर्टाला, ते ठरेना. मी नकाशा उघडून चालायला लागलो. रॉकेलचा डेपो नव्हता. वखार नव्हती. मी सेंटिमीटर मोजून पन्नास पन्नास पावलं टाकत होतो आणि मागून नंदा चाकाची बॅग ओढत होती. शेवटी हिरव्या फाटकाच्या जागी आम्ही एका स्कूटरच्या शोरूमसमोर उभे राहिलो. काचेआड नव्या कोऱ्या स्कूटर रांगेनं उभ्या होत्या. सातव्या स्कूटरची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. सगळ्या नकाशात फक्त समुद्र बरोबर होता.

"हे लॉज कुणी सांगितलं?" नंदानं विचारलं.

"भुजंगकाकांनी. ते स्वतः राहून आलेत."

"काका? कधी?"

"परवाच."

"थांबा. नेमकं काय म्हणाले? शब्द सांगा."

"'परवाच राहून आलो.'"

नंदा बॅगेवर बसली. आधी मला वाटलं चक्कर आली. मग दिसलं, ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अहो! हैदराबादचं परवा ते!"

"म्हणजे?"

"आमच्याकडं परवा म्हणजे परवा नसतं. तिथले उर्दूवाले 'परसों' म्हणतात ना, तेच आम्ही मराठीत घेतलंय. काल झालं नाही ते सगळं परवा. माझे आजोबा परवा वारले."

"अगं, तू तेव्हा चौथीत होतीस!"

"परवाच की! निजाम परवा गेला. चारमिनार परवा बांधला. मला एकदा विचारायचं तरी."

"मग तुला धक्का कसा बसला असता?"

"बसला हो," नंदा डोळे पुसत म्हणाली. "मस्त बसला."

शोरूमच्या शेजारी एक म्हातारी बाई शहाळी विकत बसली होती. साठीच्या पुढची, कपाळावर मोठं कुंकू. बराच वेळ ती आमचा खेळ पाहत होती. नंदानं तिला तेलुगूत लक्ष्मी निवासबद्दल विचारलं.

"अप्पारावगारा?" ती म्हणाली, आणि हात आभाळाकडं नेला. लॉजची ही जागा होती खरी, पण अप्पारावांना जाऊन, लॉज पाडून कितीतरी वर्षं झाली होती. मग तिनं आमच्या बॅगेकडं, माझ्या शर्टाकडं आणि शेवटी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"अन्नं तिन्नारा?"

एवढं तेलुगू मलाही कळत होतं. जेवलात का?

मी नंदाचा हात धरला. "हिच्याकडं खोली असेल. विचार."

होती. शोरूमच्या मागं तिचं घर होतं, वरच्या मजल्यावर दोन खोल्या ती भाड्यानं द्यायची, पाटीबिटी काही नाही. मी आत गेलो, भिंतीला तळवा लावून दहापर्यंत मोजले, आणि मग उशी उचलून तिच्यात तोंड खुपसलं. म्हातारीनं नंदाला काहीतरी विचारलं. नंतर कळलं, 'यांना बरं नाही का?' असं विचारलं होतं.

त्या खोलीत आम्ही सहा दिवस राहिलो. मागची खिडकी लॉजच्या जुन्या परसावर उघडायची. तिथं नारळाचं एक झाड उभं होतं आणि त्याच्या शेजारी एक बुंधा, गुडघ्याएवढा.

परत आल्यावर सकाळी मी काकांना गाठायला खाली उतरलो. नंदानं बजावलं होतं, "चिडू नका." मी चिडणार नव्हतो, नुसतं छळणार होतो. जिन्यात वाक्य तयार केलं होतं: काका, परवा तुमच्या मौंजीत भेटलो होतो, ओळखलंत का?

ओसरीवर दोघं बसले होते. मला पाहताच काका उठले. "सात नंबर मिळाली?"

"काका," मी सुरू केलं, "अंदमानला तुम्ही परवा म्हणजे नक्की..."

"परवाच आलो की आम्ही," शांताकाकू म्हणाल्या.

मी थांबलो. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. गोड, भरडा, गोष्ट सांगायला बसलेल्या बाईसारखा.

"बोटीवर काय वारा! माझा पदर सगळा उडत होता, आन् हे नुसते पदर धरून उभे. चार दिवस बोट, चार दिवस पदर. अप्पारावांनी फणस कापला. खिडकीत दोन झाडं आहेत बघा, एक मी आन् एक हे. वाकडं आहे ना, ते यांचं." त्या हसल्या आणि माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "तुम्ही कोण म्हणायचं?"

काकांनी या वेळी त्यांना थांबवलं नाही. त्या गजरा चाचपत आत गेल्या. काका खुर्चीत बसले.

"नंदीचं नाव बी आठवत नाही आता," ते म्हणाले. "तिला मांडीवर खेळवलेली हिनं. काही विचारलं की गोंधळती, मग तिची तिला लाज वाटती. म्हणून मीच बोलतो. लोक वकील म्हणतात, मालूम आहे मला. म्हणू द्या."

जिन्यातलं वाक्य कुठं ठेवावं ते मला कळेना.

"तेवढी एक सहल राहिलीय तिच्यापाशी. लग्नाला दोन वर्षं झाली होती, खात्यातनं प्रवासाची सवलत मिळाली होती. तिला ती परवाचीच वाटती. रोज सकाळी बॅग भरती, म्हणती चला. ती झोपली की मी उपसतो. कपडे चुरगाळतात ना." त्यांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तीच खोली, तीच खिडकी असली तर एकदा न्यावं. घाबरणार नाही. दुसऱ्या कुठल्या खोलीत न्यायची हिंमत होत नाही, जावईबापू. रात्री उठून विचारलं, हे कुठं आणलं मला, तर काय सांगू? सगळ्या मुलखाच्या लॉजला फोन करतो, तो फोन लागत नाही. म्हणून तुम्हाला धाडलं. लॉज आहे का नाही, तेवढं सांगा."

उशी हुंगणाऱ्या माणसाला फसवता येत नाही. मी सांगितलं.

"लॉज नाही, काका. अप्पाराव पण नाहीत."

त्यांनी मान हलवली. खात्याचा पत्रव्यवहार वाचल्यासारखी, एकदाच.

"पण मागच्या बाजूला एक खोली आहे. आम्ही तिथंच राहिलो. खिडकी त्याच परसावर उघडते. नारळाचं एक झाड आहे अजून."

"कुठलं?"

मला आधी प्रश्न समजला नाही.

"सरळ का वाकडं?"

"वाकडं," मी म्हणालो.

काका किंचित हसले. "चिवट आहे बेटं." मग एकदम ताठ बसले, चष्मा लावला, आणि त्यांच्या आवाजात सकाळी अकराचा आवाज आला. "भिंत?"

"सुकी. दहा मोजले."

"मालक?"

"मालकीण आहे. आल्या आल्या विचारलं, जेवलात का."

"उशी?"

"घेतला वास."

"कशाचा होता?"

"उन्हाचा."

काका उठले. कपाटातून जाड कागद आणला, पट्टी ठेवली, पेन्सिलीला टोक केलं आणि उत्तर दिशेचा बाण काढला. "सांगा," ते म्हणाले. मी सांगत गेलो. डेपोच्या जागी पेट्रोलपंप, वखारीच्या जागी बँक, शोरूम, शहाळ्याची गाडी, जिना. बुंधा त्यांनी काढला नाही. खिडकीसमोर मात्र एक झाड काढलं, मुद्दाम वाकडं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. साडी बदललेली, हातात निळी बॅग.

"चला की," त्या म्हणाल्या. "कधी निघायचं?"

काकांनी नकाशावरची रबराची भुकटी फुंकली. काकूंच्या हातातली बॅग हळूच घेतली, पण उपसायला आत नेली नाही. दाराशीच ठेवली.

"परवा," ते म्हणाले.

मी वर आलो. हैदराबादचं परवा मागं किती लांब जातं ते मी पाहून आलो होतो. पुढं ते तेवढंच लांब जाऊ नये, म्हणून ऑफिसची बॅग बाजूला ठेवली आणि त्या दोघांची तिकिटं काढायला बसलो. नंदा माझ्या खांद्यावरून बघत होती. तारीख तिनंच निवडली. माझ्यावर तिचा अजून विश्वास नाही.